हातोडा असलेला झेंडा



आज आम्ही अशा एका देशाच्या झेंड्याबद्दल बोलणार आहोत, जो देश आता नकाशावर नाही. पूर्व जर्मनी. ७ ऑक्टोबर १९४९ ला तो स्थापन झाला, ३ ऑक्टोबर १९९० ला पश्चिम जर्मनीत विलीन झाला.

काळा, लाल, सोनेरी असे तीन आडवे पट्टे. हे रंग काही त्या सरकारने शोधून काढलेले नव्हेत. १८३२ साली हाम्बाख येथे स्वातंत्र्यासाठी आणि एकसंध जर्मनीसाठी हजारो लोक जमले, तेव्हा हेच रंग फडकले. १८४८ च्या क्रांतीतही हेच. म्हणून १९४९ ला दोन्ही जर्मनींनी तोच झेंडा घेतला. भाऊ वेगळे निघाले पण आडनाव एकच राहिलं, तशातली गत.

पुढे १ ऑक्टोबर १९५९ पासून पूर्वेने त्याच्या मधोमध आपलं राजचिन्ह बसवलं. हातोडा कामगाराचा, वर्तुळ काढायचा कंपास शिकलेल्या माणसाचा, भोवती राय धान्याच्या कणसांचा वेढा शेतकऱ्याचा. पश्चिमेकडे याला फुटीर झेंडा म्हणत. १९६० आणि १९६४ च्या ऑलिंपिकला दोघांचा संघ एकच होता, तेव्हा चिन्हाऐवजी पांढरी पाच वर्तुळं काढून भांडण मिटवलं!

आम्हाला मात्र हातोड्यापाशी थांबावंसं वाटतं. हे चिन्ह झेंड्यावर येण्याच्या सहा वर्षं आधी, मे १९५३ मध्ये, याच सरकारने कामाचं प्रमाण निदान दहा टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं. पगार वाढणार नव्हता. साचे वाढवायचे आणि पगार तोच ठेवायचा, हे आम्हा गिरणीवाल्यांना कुणी समजावून सांगायला नको. १६ जूनला बर्लिनच्या स्टालिन रस्त्यावरचे बांधकाम मजूर काम टाकून निघाले. दुसऱ्या दिवशी देशभर शेकडो गावांत संप झाला. बर्लिनमध्ये कामगार काळा-लाल-सोनेरी झेंडे घेऊन ब्रांडेनबुर्ग दरवाजातून चालले. समोरून रशियन रणगाडे आले. निदान ५५ माणसं मेली. राज्य कामगारांचं म्हणायचं आणि गोळीही कामगारालाच! त्याच सरकारने मग हातोडा झेंड्यावर मिरवला.

१९८९ च्या शरदात लोक पुन्हा रस्त्यावर आले. ९ नोव्हेंबरला भिंत उघडली. त्या दिवसांत अनेकांनी कात्री घेऊन झेंड्यातलं चिन्ह गोल कापून काढलं. मधे भोक असलेले ते झेंडे तसेच मोर्च्यात नाचवले. तिन्ही रंग मात्र ठेवले, ते त्यांचेच होते. पुढे ३१ मे १९९० ला तिथल्या लोकसभेने सरकारी इमारतींवरूनही ते चिन्ह उतरवायचा ठराव केला.