दावं चिवट, पण खुंटा पक्का आहे का?

हातातलं काम चालू राहू द्या आणि ऐका. आज मी गाडीबद्दल बोलणार आहे. ‘बायकांना गाडीतलं काय कळतं?’ असं कुणी म्हणालं तर सांगा, गाडीत आम्हीही बसतो.

आमच्या दारात सासऱ्यांनी घेतलेली जुनी पद्मिनी आहे, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. बाजार, दवाखाना, बँक, सगळं तिच्यावरच चालतं. तिला सीटबेल्ट नव्हते. मागच्या वर्षी सुनेला दिवस गेले आणि मी हट्टच धरला, की पुढच्या सीटना पट्टे बसवायचे. तेही आपोआप गुंडाळणारे. साधा पट्टा दर वेळी अंगाबरोबर घट्ट करावा लागतो. उंच दिराच्या मापाचा पट्टा मला ढिलाच राहणार. गुंडाळणारा पट्टा ज्याच्या त्याच्या अंगाला बसतो.

एकाने अर्ध्या तासात बसवून दिले. घरी येऊन मी पट्टा झटक्याने ओढला, तर खांबातला स्क्रू पत्र्यासकट हलला! पोकळ खांबाच्या पातळ पत्र्यात नुसते स्क्रू पिळले होते. दावं कितीही चिवट असो, खुंटा पोकळ असेल तर बैल जागेवर राहतो का?

तीन ठिकाणी बांधलेला आजचा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीच्या नील्स बोहलीन यांनी तयार केला. एक टोक खांद्याच्या वर खांबावर आणि दोन खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंना. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळली, तर ६० किलोच्या बाईचा पट्ट्यावर क्षणभर हजार किलोच्या वर ताण येऊ शकतो. तो सगळा त्या तीन बोल्टांवर पडतो.

म्हणून दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो, तेव्हा मी समोर उभी राहिले. त्याने आधी खांब आणि तळ ठोकून पाहिला. उंबऱ्याजवळ गंज होता. तेवढा पत्रा कापून नवा जोडला, मगच पट्ट्याचं काम. प्रत्येक बोल्टामागे जाड पोलादी पट्टी लावली, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. बोल्ट पट्ट्याबरोबर आलेलेच वापरले. भंगारातल्या, अपघात झालेल्या गाडीचा पट्टा त्याने घेतला नाही. एकदा ताण खाल्लेला पट्टा पुन्हा भरवशाचा नसतो.

पट्टा गुंडाळणाऱ्या डबीत एक स्प्रिंग असते आणि एक छोटं वजन. गाडी अचानक थांबली की ते वजन कलतं आणि दात अडकतात. म्हणून डबी सांगितलेल्या कोनातच बसायला हवी. तिरकी बसली तर पट्टा उगाच अडकून राहील, नाहीतर ऐन वेळी अडकणारच नाही. काम झाल्यावर मोकळ्या मैदानात सावकाश गाडी चालवून ब्रेक दाबला. पट्टा जागच्या जागी अडकला. मग सुनेला बसवलं.

पोटुशी बाई असेल तर खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाखालून, मांड्यांच्या वर हाडावरून घ्यायचा. वरचा दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने. पट्ट्याला पीळ नको. आणि मांडीवरचं लेकरू आपल्याच पट्ट्यात कधीही घेऊ नका, आपल्या वजनाने ते दाबलं जातं.

नात आता चार महिन्यांची आहे. ती पोटात असताना दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या त्याच गाडीतून झाल्या.

तुमच्या घरी जुनी जीप असो की मोटार, पट्टे बसवताना मिस्त्रीला एवढंच विचारा: ‘दादा, बोल्टामागे काय लावलंय, ते दाखवा.’ आणि पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुन्हा भेटू. नमस्कार.