खतामागील व्यवहार



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. (धार-देवासच्या पवार घराण्याशी निगडित असलेले पारनेरकडील सुपे निराळे.) जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते आणि हुकूमनामे हिसकावून जाळण्यात आले. यामागे केवळ संताप नव्हता. निरक्षर ऋणकोचा अंगठा ज्या मजकुराखाली उठे, तोच न्यायालयात प्रमाण ठरे. प्रतिवादी पुष्कळदा हजरच होत नसे आणि एकतर्फी हुकूमनाम्यावर जमीन जाई.

चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे त्याचे मूळ क्षेत्र. त्यातील खरी नवलाई अशी की, न्यायाधीशाने खतावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल किती व व्याज किती हे नव्याने मांडावे, असे बंधन आले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकारही स्वस्थ बसले नाहीत. गहाणखताची चौकशी होते असे दिसताच गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वहिवाट वाढली. जमीन परत देण्याचा करार तोंडीच राही. अखेर दुरुस्ती करून, असे खरेदीखत वस्तुतः गहाण होते हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा द्यावी लागली.

माळव्यात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. धार आणि देवासची दोन्ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. १९५६ साली मध्य प्रदेश अस्तित्वात आला. या राज्याने १९७६ साली केलेल्या कायद्याच्या लांबलचक नावातच ‘भूमि हड़पने सम्बन्धी कुचक्र’ असे शब्द आहेत. शासकीय कायद्याच्या शीर्षकात इतका उघड राग क्वचितच आढळतो! कोरडवाहू आठ किंवा बागायती चार हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी त्याच्या संरक्षणाखाली येतो. खरेदीखताआड कर्ज दडलेले आहे काय, हे उपविभागीय अधिकाऱ्याने पाहावयाचे आणि तसे ठरल्यास व्यवहार रद्द करावयाचा. पाऊणशे वर्षांपूर्वीची दख्खनची युक्ती नर्मदेच्या खोऱ्यातही ओळखीची होती, असाच याचा अर्थ. मात्र १९७१ च्या आरंभी चालू असलेले आणि तेथून कायदा प्रसिद्ध होईपर्यंत झालेले व्यवहारच यात येतात. त्यानंतरच्या खतांना हा कायदा लागू नाही.

२०२० साली आणखी एक पाऊल पडले. अनुसूचित क्षेत्रांतील आदिवासींनी विनापरवाना सावकारांकडून १५ ऑगस्ट २०२० पर्यंत घेतलेली कर्जे माफ ठरविण्यात आली. धार जिल्ह्यातील कुक्षी, मनावर, सरदारपूर, गंधवानी, धरमपुरी व धार या तहसिली अनुसूचित आहेत, बदनावर नाही. देवास जिल्ह्यातील तर एकही नाही. त्यामुळे बागलीच्या डोंगरातील कोरकू किंवा भिलाला शेतकऱ्याचे कर्ज कुक्षीतल्या भिलाल्यासारखेच असले, तरी त्याला या कायद्याचा आधार नव्हता. अनुसूचित क्षेत्राबाहेरील लहान शेतकरी व भूमिहीन मजुरांसाठी वेगळ्या विधेयकाचा विषय शासनाने २०२१ साली हाती घेतला.

दोन्ही ठिकाणी पुराव्याची अडचण मात्र जुनीच आहे. विनापरवाना सावकार पावती देत नाही. अर्जदाराजवळ असतात ते फक्त शेजारी, आणि त्यांतील निम्मे त्याच सावकाराचे देणेकरी.