जुन्या बोलेरोला सेकंडहँड इंजिन घेताना

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

मागच्या महिन्याभरात चार-पाच व्हॉइस नोट आल्या, सगळ्यांचा प्रश्न एकच. "भो, गाडी जुनी आहे, बॉडी चांगली आहे, पण इंजिन गेलं. दुसरं जुनं इंजिन टाकू का गाडीच विकू?" तर आज त्यावर बोलू. मी पाचोऱ्यात घरीच रेकॉर्ड करतोय. मधेच भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, मुंबई-भुसावळ लाइन जवळच आहे.

आधी कबुली देतो. आमच्या बोलेरोचं इंजिन मी मारलं. गाडी आप्पांची, 2008 ची, एमएच 19 पासिंगची. गोष्ट 2023 च्या मे महिन्यातली. कन्नडला मावसभावाचं लग्न होतं, गाडीत आम्ही आठ जण, वर कॅरिअरवर सामान. चाळीसगाव सोडलं, घाट सुरू झाला. कागदावर त्याचं नाव औट्रम घाट, आपण सगळे कन्नड घाटच म्हणतो. पुढे ट्रकांची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, एसी चालू. टेम्परेचरचा काटा वर चढलेला मला दिसला होता. दिसला नाही असं मी घरी सांगितलं, पण दिसला होता. हळद चुकेल म्हणून थांबलो नाही. एका वळणावर ताकद गेली, बॉनेटमधून वाफ आली. मग मी दुसरी चूक केली. बाटलीतलं गार पाणी तापल्या इंजिनात ओतलं.

हे लक्षात ठेवा. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास गार होऊ द्यायची, रेडिएटरचं झाकण तर लगेच उघडायचंच नाही. हे मला माहीत होतं. घाईत माहिती उपयोगी पडत नाही.

गाडी टो करून पाचोऱ्याला आणली. मिस्तरींनी ऑइलची कांडी काढून दाखवली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे पाणी आत शिरलेलं. हेड उतरवलं, तर हेडला चीर, आणि दोन सिलिंडरच्या मधे ब्लॉकलाही चीर. मिस्तरी आमच्याकडचे जुने, अहिराणीत बोलतात. हात पुसत म्हणाले, "इंजिन मरत नही भो, त्याले मारतस." आप्पा शेजारी उभे होते. माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता हिशोब ऐका. नुसतं हेड गेलं असतं, पिस्टन-रिंग झिजले असते, तर तेच इंजिन बांधता आलं असतं. बोअर करा, लायनर टाका, क्रँक घासून घ्या, सगळं होतं. पण ब्लॉकच तडकला की बांधायचं कशाला? नव्या इंजिनाचा भाव गाडीच्या किमतीच्या आसपास जात होता. राहिलं जुनं इंजिन. दुसऱ्या कुठल्या तरी बोलेरोचं, जी अपघातात गेली किंवा भंगारात निघाली.

बोलेरोच का ठेवायची, असं कोणी विचारेल. कारण तिचे पार्ट खेड्यातही मिळतात, आणि प्रत्येक गावात एक तरी माणूस ती उघडू शकतो. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आहे, आपल्याच रेल्वे लाइनीवर. शिवाय आप्पांचे लिंबू याच गाडीतून बाजाराला जायचे. आजीला दर महिन्याला जळगावला दवाखान्यात न्यायची ती पण हीच.

पण बोलेरो म्हणजे एकच इंजिन नाही, इथे पोरं फसतात. गाडी 2000 साली आली. आमच्यासारख्या गाड्यांत 2523 सीसीचं साधं डीआय इंजिन, पंप आणि नोझलवालं. नंतर त्याच मापाचं कॉमन रेल आलं, त्याला सेन्सर, वायरिंग, ईसीएम असतो. 2016 ला पॉवर प्लस आली, तिच्यात 1493 सीसीचं छोटं एमहॉक. दुकानदार सांगतो, "बोलेरोचंच आहे, बसतं." फाउंडेशन जुळवून बसेलही, पण कॉमन रेल इंजिन डीआय गाडीत टाकलं तर वायरिंग, पंप, ईसीएम सगळं बदलावं लागतं, आणि आरटीओला काय सांगणार? म्हणून आरसीवर जे इंजिन लिहिलंय त्याच प्रकारचं शोधायचं. स्कॉर्पिओवाल्यांनाही हेच, 2.6 आणि 2.2 एमहॉक यांची अदलाबदल करायला जाऊ नका.

मी आणि आप्पा एका मोठ्या शहरातल्या जुन्या पार्टच्या बाजारात गेलो. कुठल्या ते सांगत नाही. असे बाजार देशात बरेच आहेत, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, दिल्लीचं मायापुरी आहे. गल्लीभर इंजिनं मांडलेली, आंब्याच्या आढीसारखी. एकाने दाखवलं, चंदेरी रंग मारलेलं, नव्यासारखं चमकत होतं. भाव अडतीस हजार. बाकी सगळे पंचावन्न-साठ सांगत होते. आप्पा खूश. खिशातून दहा हजार काढून टोकन देऊनही टाकलं.

मी इंजिन नंबर बघायला वाकलो. ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो, त्या जागी रंगाचा जाड थर. डिझेलचा बोळा घेऊन पुसलं. खाली लोखंड ग्राइंडर मारल्यासारखं गुळगुळीत, आणि त्यावर आकडे वेगवेगळ्या उंचीचे, एक तर तिरका. मी विचारलं, ही कुठल्या गाडीची? आरसीची झेरॉक्स आहे? तो म्हणाला, "इंजिन पाहिजे का कागद पाहिजे?"

मंडळी, आपल्याला दोन्ही पाहिजे.

हे जरा नीट सांगतो. मेरठच्या सोतीगंजचं नाव ऐकलं असेल. चोरीच्या गाड्या तिथे सुट्या करून पार्ट विकले जायचे, 2021 च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. चोरीची गाडी अख्खी विकणं अवघड, सुटी करून विकणं सोपं. पुसलेल्या नंबरचं इंजिन चोरीचंच असेल असं नाही, पण ते चोरीचं नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. चोरीचा माल आहे हे कळूनही घेतला तर तो गुन्हा आहे, आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये. आणि पोलीस दारात येतील ते दुकानदाराच्या नाही, तुमच्या.

आमच्यासाठी अजून एक अडचण होती. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. आमची त्याच वर्षी ऑक्टोबरात संपत होती. पुढच्या 5 वर्षांसाठी रिन्यू करायची तर आरटीओत गाडी दाखवावी लागते. कारची ही फी 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाली, पर्यावरण कर वेगळा. तिथे इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. नंबर जुळला नाही तर गाडी अंगणात कोंबड्या बसायला.

आप्पांना मी हे तिथेच सांगितलं. ते चिडले. म्हणाले, "गाडी मारली तू, आन् आता कायदा शिकवतोस?" बरोबर होतं त्यांचं. दहा हजार परत मिळाले नाहीत, दुकानदार हसत होता. परतीच्या बसमध्ये चाळीसगावपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

दुसरं इंजिन तीन आठवड्यांनी धुळ्याकडे मिळालं. विम्यात टोटल लॉस झालेली बोलेरो, मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत. भाव बासष्ट हजार. विकणाऱ्याकडे मूळ गाडीच्या आरसीची कॉपी होती, विमा कंपनीचे कागद होते, आणि तो बिलावर इंजिन नंबर लिहून द्यायला तयार होता. मी फोनवर एमपरिवाहनमध्ये मूळ गाडीचा नंबर टाकला, मॉडेल आणि साल जुळलं. मग पोलिसांच्या डिजिटल नागरिक पोर्टलवर एनसीआरबीची सोय आहे, गाडीचा, चेसिसचा, इंजिनचा नंबर टाकला की चोरीच्या नोंदीत आहे का ते कळतं. तिथे नाव नाही म्हणजे शंभर टक्के स्वच्छ असं नाही. पण एवढंही न बघता पैसे देऊ नका.

यावेळी मिस्तरींना सोबत नेलं होतं, दिवसाची मजुरी देऊन. तो खर्च सगळ्यात कामाचा ठरला. त्यांनी पहिल्यांदा ब्लॉकला हात लावला, गार आहे ना म्हणून. काही जण गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे ते पटकन उचलतं आणि धूर कमी दिसतो. मग बॅटरी लावून गार इंजिन सुरू केलं. ऑइल भरायचं झाकण काढलं. तिथून भकाभका हवा आणि धूर आला तर रिंग गेल्या समजायचं. इथे हलकीशी वाफ होती. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर तपासले. आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का, हे ते बघत होते. शेवटी ऑइल काढून सम्प खोलायला लावला. विकणारा कुरकुरला, पण खोलला. तळाशी पितळी-चंदेरी चुरा असता तर बेअरिंग खाल्लेले. चुरा नव्हता. सगळं मिळून दोन तास गेले. तेवढ्यात मी तीन वेळा चहा पिलो आणि आप्पा एका टायरवर बसून राहिले.

बोलणी करताना हाफ इंजिन का फुल, हे आधी ठरवा. हाफ म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन. फुलमध्ये हेड येतं. पण पंप, टर्बो, स्टार्टर, अल्टरनेटर त्यात धरलेत का, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. बिलावर लिहून घ्या. "टेस्टिंग गॅरंटी" किती दिवसांची तेही. आम्हाला पंधरा दिवस मिळाले.

आणि बासष्ट हजारात काम होत नाही. नवी गॅस्केटं, ऑइल सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, होज पाइप, ऑइल, कूलंट, मजुरी. एकवीस हजार अजून गेले. त्यात मिस्तरींनी हट्टाने रेडिएटर काढून साफ करायला दिला. जाळीत अर्धा गाळ निघाला. म्हणजे घाटात काटा चढला तो उगाच नाही. तोच रेडिएटर तसाच ठेवला असता तर दुसरं इंजिनही त्याच घाटात गेलं असतं.

कागदाचं काम मी केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. आरसी, विमा, पीयूसी, इंजिनचं बिल, मूळ गाडीचे कागद घेऊन जळगावला गेलो. इन्स्पेक्टरने नंबरची छाप घेतली, बिलाशी ताडली. दोन चकरा झाल्या. नव्या नंबरची आरसी आल्यावर विमा कंपनीलाही कळवून पॉलिसीवर बदल करून घेतला, नाहीतर उद्या क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील. ऑक्टोबरात नोंदणी रिन्यू झाली.

एक काम राहिलं होतं. जुनं तडकलेलं इंजिन मिस्तरींच्या शेडमध्ये पडून होतं. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. पण त्यावर आमच्या गाडीचा नंबर होता. ते तसंच गेलं, कोणी वेल्डिंग करून रंग मारून पुन्हा विकलं, तर आमचा नंबर कुठल्या गाडीत फिरेल? आरसी बदलून आल्यावर मिस्तरींना सांगून घणाने ब्लॉक फोडायला लावला, मग वजन केलं, आणि भंगारवाल्याकडून नंबर लिहिलेली पावती घेतली.

घण आप्पांनी माझ्या हातात दिला. "तूच मार," म्हणाले. पाच-सहा घाव लागले. पावती गाडीच्या डॅशबोर्डमध्ये आहे, आरसीच्या झेरॉक्सबरोबर. कोणाला बिलाचा नमुना बघायचा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नंबर झाकून फोटो टाकतो.