घरची किल्ली, परगावी



नोकरीच्या गावी राहणारा माणूस आणि त्याचे गावाकडचे घर यांची गाठ पूर्वी दिवाळीत आणि मे महिन्यात पडायची. मधल्या दिवसांत पोस्टकार्डावर भागत असे. आता खेड्यातल्या घरातही इंटरनेट आले आहे. पडवीत कॅमेरा असतो, कपाटावरच्या संगणकात जमिनीच्या कागदांच्या प्रती नि लग्नकार्याचे फोटो असतात. बाहेरगावाहून या वस्तूंपर्यंत आपला हात कसा पोचवावा, आणि आपल्या हातामागून चोराचा हात आत कसा येऊ देऊ नये, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम माझीच फजिती सांगतो. माझी आई गावी एकटी राहते. तिच्या काळजीपोटी मी माजघरात एक फिरता कॅमेरा बसवून घेतला. बसवणारा गृहस्थ म्हणाला, "सर, तुम्हाला शहरातून दिसेल अशी सोय करून देतो," आणि त्याने राउटरमध्ये एक वाट उघडून दिली. कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहिला. तो बदलायला हवा, हे मला कळत होते. पण आज करू, उद्या करू, असे म्हणत मी आळस केला. दोन महिन्यांनी एका रात्री आईचा फोन आला. "अरे, तो कॅमेरा सारखा इकडेतिकडे वळतोय. तूच बघतोयस ना?"

मी बघत नव्हतो. मी पेपर तपासत बसलो होतो. म्हटले, "आई, आधी त्याची वायर काढ." डोकावणारा कोण, कुठला, ते शेवटपर्यंत कळले नाही. पण त्याला दार मीच उघडून दिले होते, ही टोचणी अजून जात नाही.

हे घडते कसे? आपल्या घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. हा पत्ता घरापुरताच असतो. शेजारच्या घरातही तोच असू शकतो. बाहेरच्या जगाला फक्त राउटर दिसतो. जुन्या वाड्याला एक मोठा दरवाजा असावा आणि आतल्या खोल्या रस्त्यावरून दिसू नयेत, तसेच हे. बसवणाऱ्याने उघडलेली वाट म्हणजे तो दरवाजा सताड उघडा ठेवून थेट माजघराकडे बोट दाखवणारी पाटी!

आणि रस्त्यावर दारे चाचपीत फिरणारा माणूस नसतो, यंत्र असते. ते रात्रंदिवस थकत नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका दुष्ट प्रोग्रॅमने कारखान्यातले साठ-एक ठराविक पासवर्ड लावून पाहत जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या कंपनीवर असा मारा केला, की अमेरिकेत ट्विटरसारखी मोठमोठी ठिकाणे काही तास लोकांना उघडेनात. मालकांना मात्र आपला कॅमेरा कुणाची चाकरी करतो आहे, याचा पत्ताही नव्हता.

मग उपाय काय? उपायाचे नाव व्हीपीएन, म्हणजे आभासी खासगी जाळे. जाहिरातीत पैसे घेऊन दुसऱ्या देशातून फिरवून आणणारे व्हीपीएन तुम्ही ऐकले असेल, ते निराळे. आपले व्हीपीएन आपल्याच घरात असते. वाड्याच्या मोठ्या दरवाजाला जशी छोटी दिंडी, तशी ही समजा. दिंडीशी एक राखणदार बसलेला. ओळखीची किल्ली दिसली तरच तो बोलतो. अनोळखी माणसाने कितीही ठोठावले तरी हूं की चूं करीत नाही.

'वायरगार्ड' हा असा राखणदार आहे. तो फुकट मिळतो, आणि मार्च २०२० पासून लिनक्सच्या मूळ गाभ्यातच त्याचा समावेश झाला आहे. काही राउटरांत तो असतोच. नसल्यास हाताच्या पंजाएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर बसवता येतो. फोनमध्ये किल्ल्यांची एक जोडी तयार होते. त्यातली गुप्त किल्ली फोनमध्येच राहते; उघड किल्ली घरच्या राखणदाराच्या यादीत लिहायची. घराची उघड किल्ली फोनला द्यायची. मग दोघांमधला मजकूर लाखबंद लखोट्यासारखा जातो, आणि तुम्ही पुण्यात असा की दुबईत, फोनला वाटते आपण घरीच बसलो आहोत. राउटरमध्ये येथेही एक वाट लागतेच. पण ती राखणदारापाशी संपते, माजघरात नाही.

आता चार अडचणी. पहिली, घराचा बाहेरचा पत्ता पुष्कळदा बदलतो. त्यासाठी बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी 'डायनॅमिक डीएनएस' सेवा घ्यावी. दुसरी, कित्येक ठिकाणी कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर हेच झाले आहे असे समजावे. मग कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, किंवा 'टेलस्केल'सारखा मध्यस्थ घ्यावा. तिसरी, दोन्हीकडचे आतले पत्ते सारखे असले तर गोंधळ होतो. म्हणून घरचे १९२.१६८.१ बदलून १९२.१६८.७३ असे काहीतरी वेगळे करून घ्यावे. आणि चौथी आपली नेहमीची: वीज गेली की राखणदारही झोपला! त्याला इन्व्हर्टरवर ठेवावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या संगणकाशी घरून काम करावयाचे असेल तर मुख्याध्यापकांच्या संमतीने हीच रीत वापरा. प्रत्येकाला निराळी किल्ली द्या. एखाद्याचा फोन हरवला तर तेवढीच किल्ली यादीतून खोडता येते. बाकीच्यांचे काम अडत नाही. आणि परगावी जाण्याआधी घरीच वायफाय बंद करून, मोबाइलच्या इंटरनेटवरून दिंडी उघडते का, ते पाहून घ्या. बसमध्ये बसल्यावर आठवून उपयोग नाही.

राखणदार ठेवला म्हणून आतल्या खोल्यांना कडी नको, असे मात्र नव्हे. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायचाच. किल्ली फोनमध्ये आहे, तेव्हा फोनलाही कुलूप हवे.

आमच्या घरी आता दिंडी बसली आहे. पण कॅमेरा पुन्हा लावण्याआधी मी आईला विचारले. पहिल्या वेळी विचारलेच नव्हते. ती म्हणाली, "अंगणाकडे तोंड करून लाव. माजघरात मला कुणी बघायला नको. तूसुद्धा नको." तिचे खरे होते. परक्याला बाहेर ठेवण्याची युक्ती यंत्र शिकवील. आपल्या माणसाच्या घरात किती डोकावावे, ते त्या माणसालाच विचारावे लागते.