खाटेबाहेरचा आजार, खाटेपुरता विमा



सातारा जिल्हा निवृत्तांचा आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. अपशिंग्यासारख्या गावात घराघरांतून माणूस फौजेत गेला आणि पेन्शन घेऊन परत आला. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत उमेद खर्च करून जावळी, पाटणची माणसे गावाकडे आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली उभारलेल्या रयत शिक्षण संस्थेत हयात घालवलेले शिक्षक तर इथल्या प्रत्येक पेठेत भेटतात. बँकांचे, एसटीचे, टपाल खात्याचे निवृत्तही तितकेच. या सभागृहात आज ही सगळी मंडळी एका छताखाली बसली आहेत. पण आजारपणासाठी प्रत्येकाच्या डोक्यावरचे छत्र मात्र वेगळे आहे. म्हणूनच अधिवेशनाच्या स्वागत समितीने यंदा पुरुषग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग हा विषय निवडला. उतारवयातला हा आजार असा आहे की, त्यात माणसाला कोणता उपचार मिळणार हे पुष्कळदा डॉक्टरच्या चिठ्ठीइतकेच पॉलिसीच्या कलमांवर ठरते.

आधी आजाराची जात समजून घेतली पाहिजे. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा सावकाश चालतो. ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांचे त्यात तीन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला रेडिएशन दिले आणि तिसऱ्यावर नुसती बारकाईने नजर ठेवली. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने दगावलेले रुग्ण २.७ टक्के होते आणि गटागटांतला फरक नगण्य होता. त्या पुरुषांचा आजार रक्ततपासणीत लवकर सापडला होता, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे बरेच रुग्ण हाडे दुखू लागल्यावर, लघवी अडल्यावर येतात. त्यांना हे आकडे लागू नाहीत. पण ज्यांचा आजार लवकर सापडतो त्यांच्यापुढे खरोखरच तीन वाटा असतात, आणि त्यातली एक वाट म्हणजे घाई न करता लक्ष ठेवणे. नियमित पीएसए ही रक्ततपासणी, मधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी, एवढेच.

अडचण इथेच सुरू होते. आपला मेडिक्लेम मुळात खाटेचा विमा आहे. माणूस चोवीस तास दाखल झाला किंवा डे-केअरच्या यादीत बसणारा उपचार घेतला, तरच टीपीए, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणारा मध्यस्थ, फाइल उघडतो. लक्ष ठेवण्याच्या वाटेवर खाट जवळजवळ येतच नाही. पीएसए बाह्यरुग्ण विभागात, एमआरआय बाह्यरुग्ण विभागात, डॉक्टरची फीही तिथेच. नुसत्या तपासणीसाठी दाखल झालात तर तो क्लेम चालत नाही, असे कलमही बहुतेक पॉलिसींत असते. कमीत कमी खर्चाची वाट रुग्णाने खिशातून चालायची आणि लाखोंची शस्त्रक्रिया मात्र कॅशलेस. मग घरातली मंडळी म्हणतात, ‘विमा आहे ना, करून टाका ऑपरेशन.’ ऑपरेशन योग्य असेल तर ते करावेच. पण ते पैसे मिळतात म्हणून होत असेल, तर लघवीवरचा ताबा जाणे आणि वैवाहिक आयुष्यावर परिणाम होणे या दोन गोष्टींची किंमत कोणी मोजलेली नसते. या गोष्टी पॉलिसीत कुठेच लिहिलेल्या नसतात.

ऑपरेशन ठरले तरी पॉलिसी बोलतच राहते. एक हिशेब समोर ठेवतो. समजा, विम्याची रक्कम ५ लाख आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. रुग्णाने १०,००० रुपयांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिला. खोलीचे ५०,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर व नर्सिंगचे ३ लाख, औषधे व साहित्याचे १ लाख, असे एकूण बिल साडेचार लाखांचे झाले. माणसाला वाटते, खोलीच्या फरकाचे २५,००० आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसे होत नाही. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून सर्जनपासून नर्सिंगपर्यंतची रक्कमही निम्मी धरली जाते. कंपनी खोलीचे २५,०००, त्या ३ लाखांपैकी दीड लाख आणि औषधांचे पूर्ण १ लाख देते. पावणेदोन लाख रुपये डिस्चार्जच्या काउंटरवर मुलाला उभे करावे लागतात. औषधे, साहित्य आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, असे विमा नियामकाने २०२० साली बजावले. नाहीतर घाव याहून खोल बसला असता. हे कलम पॉलिसीत एका ओळीत असते आणि खोली निवडताना ते कोणालाच आठवत नाही.

रोबोटिक शस्त्रक्रियेचेही असेच. नियामकाने २०१९ साली बारा आधुनिक उपचारांची यादी केली आणि ते विम्यातून वगळता येणार नाहीत असे सांगितले. रोबोटिक शस्त्रक्रिया त्यात आहे. मात्र त्यावर मर्यादा घालायची मुभा कंपन्यांना आहे, आणि अनेक जुन्या पॉलिसींत ती विमा रकमेच्या निम्मी किंवा त्याहून कमी असते. त्याच यादीत तोंडाने घ्यायची केमोथेरपी आहे, सलाइनमधून वा इंजेक्शनने देण्याच्या विशिष्ट प्रतिपिंडांची इम्युनोथेरपी आहे. हार्मोनच्या इंजेक्शनाचे नाव मात्र नाही.

आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचा कणा म्हणजे हीच हार्मोन चिकित्सा. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की पुरुषी संप्रेरक बंद केले की हा कर्करोग आक्रसतो. त्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. आजही उपचाराचा पाया तोच आहे. संप्रेरक दोन मार्गांनी बंद करता येते. दर एक, तीन किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचे किंवा दोन्ही वृषण शस्त्रक्रियेने काढायचे. आजार हाडांत पसरला असेल तर हे आयुष्यभराचे असते. रेडिएशनच्या जोडीला असेल तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे.

वृषण काढायची शस्त्रक्रिया साधी, स्वस्त, एका दिवसाची. ती विम्यात बसते, सरकारी योजनेतही बसते. इंजेक्शन काही हजारांचे, दर तिमाहीला, आणि ‘बाह्यरुग्ण उपचार’ असा शेरा मारून क्लेम परत येण्याची पुरेपूर शक्यता. ओपीडीत डॉक्टर दोन्ही पर्याय सांगतात. सत्तरीचा माणूस खाली मान घालून बसलेला असतो, बायको शेजारी असते, मुलगा मोबाइलवर वर्षाचा खर्च गुणत असतो. काही वेळाने म्हातारा म्हणतो, ‘काढून टाका, एकदाचं मिटेल.’ वैद्यकीयदृष्ट्या तो निर्णय चुकीचा नाही; परिणाम दोन्हींचा सारखाच. एखाद्याने तो विचारपूर्वक घेतला तर त्याचा मानच राखला पाहिजे. पण सही करताना त्याच्या मनात आपले शरीर होते की मुलाच्या मोबाइलवरचा आकडा, हे या अधिवेशनाने विचारायला हवे. एवढी खाजगी गोष्ट पॉलिसीच्या कलमाने ठरावी, हे समितीला मान्य नाही.

गोळ्यांचीही तीच कथा, थोडी अधिक आशेची. ॲबिरॅटेरॉनच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या आता सहज मिळतात. एन्झालुटामाइडचा पेटंट अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये फेटाळला होता, आणि त्याचीही देशी औषधे बाजारात आहेत. ॲबिरॅटेरॉन उपाशीपोटी १,००० मिलिग्रॅम घेण्याऐवजी हलक्या जेवणासोबत २५० मिलिग्रॅम घेतले तरी पीएसएवरचा परिणाम कमी पडत नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसले. तेव्हापासून खर्च न झेपणाऱ्या रुग्णांसाठी आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर हा मार्ग वापरतात. अर्थात हा निर्णय कर्करोगतज्ज्ञाचा, गोळीचे तुकडे करणाऱ्या नातेवाइकाचा नव्हे. तरीही महिन्यामागून महिने गोळ्या घ्यायच्या म्हटल्यावर खर्च मोठाच, आणि डिस्चार्जनंतरच्या खर्चाची पॉलिसीतली मुदत बहुधा ६० किंवा ९० दिवसांत संपते.

आता छत्रांकडे वळू. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे, केंद्रीय निवृत्तांसाठी सीजीएचएस. कागदपत्रे, रेफरल, औषधांची वाट पाहणे यांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण या दोन योजनांचे मोल वेगळेच आहे. त्या बाह्यरुग्ण औषधेही देतात. प्रोस्टेटच्या रुग्णासाठी याहून मोठी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आले, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे. ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांच्यासाठी ते वरदान आहे. खाजगी मेडिक्लेम असणाऱ्यालाही ते काढता येते, आणि त्याने ते जरूर काढावे. मात्र सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्याला दोन्हींपैकी एकच निवडायचे आहे, आणि ही निवड एकदाच करायची आहे. वय वंदनातून बाह्यरुग्ण उपचार मिळत नाहीत. गावातल्या शिबिरात रांगेत उभे राहून फौजी मंडळींनी घाईने ती निवड करू नये, ही कळकळीची विनंती.

शिक्षकांची आणि राज्य सरकारच्या निवृत्तांची स्थिती अधिक नाजूक आहे. नोकरीतली वैद्यकीय प्रतिपूर्ती निवृत्तीबरोबर थांबते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केशरी-पिवळ्या शिधापत्रिकांपुरती राहिलेली नाही, कुटुंबाला ५ लाखांचे संरक्षण आहे. तिचा आधार मोठा आहे. पण ती संलग्न रुग्णालयांत आणि ठरलेल्या पॅकेजमध्येच चालते. रेडिएशनचा शेक घ्यायला माणहून किंवा खटावहून रोज यायचे तर एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, शहरातली खोली हे कोणतेच पॅकेज मोजत नाही. म्हणून रेडिएशन वीस दिवसांत, काही रुग्णांत पाच बैठकांत पूर्ण करता येते का, हा प्रश्न रुग्णाने तज्ज्ञाला स्वतःहून विचारावा.

बँका आणि कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांना समितीचे सांगणे थोडक्यात असे. नोकरीतली समूह पॉलिसी सुटण्यापूर्वीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्या. झालेला प्रतीक्षाकाल वाया जात नाही. १ एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची वयोमर्यादा उठली आहे, जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही, आणि पाच वर्षे सलग पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर नियामकाला आधी विचारावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ही सारी दारे निरोगी असताना सताड उघडी असतात. बायोप्सीचा अहवाल हातात आल्यावर नवी पॉलिसी देणारा शोधून सापडत नाही. टॉप-अप घेताना ‘सुपर टॉप-अप’च घ्यावे. साधे टॉप-अप प्रत्येक वेळी दाखल झाल्याचा हिशेब स्वतंत्र धरते, सुपर टॉप-अप वर्षभराची बिले एकत्र मोजते, आणि या आजारात बिले लहान आणि पुन्हा पुन्हा येणारी असतात.

क्लेम नाकारला तर घरी बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये पुणे-मुंबईला आहेत, अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. हार्मोनचे इंजेक्शन कर्करोगावरचाच उपचार आहे, असे आपल्या डॉक्टरकडून लेखी घेऊन ते अर्जासोबत जोडा.

आजच्या दुसऱ्या सत्रात समितीतर्फे एक ठराव मांडला जाईल. कर्करोगावरील हार्मोनची इंजेक्शने व गोळ्या आणि निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्याच्या तपासण्या प्रत्येक आरोग्य विमा पॉलिसीत व सरकारी योजनेत समाविष्ट कराव्यात, अशी मागणी त्यात आहे. सर्व प्रतिनिधींनी त्यावर मनमोकळी चर्चा करावी आणि तो एकमताने संमत करावा. मंडपाच्या डाव्या बाजूला विमा सल्लागार दिवसभर बसलेले आहेत. ज्यांनी पॉलिसी सोबत आणली आहे त्यांनी खोलीभाडे, को-पे (बिलातला रुग्णाचा वाटा) आणि बाह्यरुग्ण उपचार ही तीन कलमे घरी परतण्यापूर्वी त्यांच्याकडून वाचून घ्यावीत.