क्रमवारीतील दुसरे शतक : एका महिला टेनिसपटूची वाटचाल

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



भारतीय महिला टेनिस म्हटले की सानिया मिर्झा हे नाव सर्वप्रथम समोर येते. २००७ मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७ वे आणि २०१५ मध्ये दुहेरीत पहिले स्थान मिळविणारी ही खेळाडू देशाच्या स्मरणात राहावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु एखाद्या खेळाचा पाया देशात किती भक्कम आहे हे पाहायचे असेल, तर शिखराखालच्या पायऱ्यांकडे पाहावे लागते. जगातील दीडशेवी किंवा दोनशेवी टेनिसपटू नेमकी कशी जगते, तिची मिळकत किती आणि खर्च किती, हे प्रश्न क्रीडापानांवर क्वचितच चर्चिले जातात. या दृष्टीने अंकिता रैना हिची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे.

अहमदाबाद ते पुणे

अंकिताचा जन्म ११ जानेवारी १९९३ रोजी अहमदाबाद येथे झाला. कुटुंब मूळचे काश्मिरी. किशोरवयातच प्रशिक्षणासाठी ती आईसह पुण्यात आली आणि प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा खेळ घडला. गुजरात सरकारच्या ‘शक्तिदूत’ योजनेचे साहाय्यही तिला लाभले. एका राज्याचा आर्थिक आधार, दुसऱ्या राज्यातील प्रशिक्षण आणि कुटुंबाचे स्थलांतर या तिन्हींच्या जोडणीतून ही वाटचाल सुरू झाली.

एप्रिल २०१८ मध्ये तिने एकेरीत पहिल्या दोनशे खेळाडूंत प्रवेश केला. त्याच वर्षी जकार्ता-पालेम्बांग आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने एकेरीचे कांस्यपदक मिळविले. सानिया मिर्झानंतर आशियाई स्पर्धेत महिला एकेरीचे पदक मिळविणारी ती दुसरी भारतीय ठरली. २०१९ मध्ये चीनमधील आनिंग येथे तिने अमेरिकन खुल्या स्पर्धेची माजी विजेती समंथा स्टोसर हिला पराभूत केले. मार्च २०२० मध्ये ती १६० व्या स्थानी पोहोचली. एकेरीतील तिचे हेच सर्वोच्च स्थान.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. जगातील १६० वी व्यक्ती हे स्थान इतर कोणत्याही व्यवसायात असामान्य मानले जाईल. टेनिसमध्ये मात्र या स्थानावरील खेळाडू मुख्य दरवाजाच्या बाहेरच उभी असते.

१०४ आणि त्यानंतरच्या जागा

ग्रँड स्लॅम स्पर्धेत महिला एकेरीच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकी १०४ जणींना क्रमवारीच्या आधारे थेट प्रवेश मिळतो, ८ जागा आयोजकांच्या विशेष प्रवेशासाठी राखीव असतात आणि उरलेल्या १६ जागा पात्रता फेरीतून भरल्या जातात. या १६ जागांसाठी १२८ खेळाडू झुंजतात आणि प्रत्येकीला सलग तीन सामने जिंकावे लागतात. साधारणपणे पहिल्या सव्वादोनशेच्या आसपासच्या खेळाडूंनाच ही संधी मिळते. म्हणजे १०५ व्या आणि २२० व्या स्थानांमधील खेळाडूंचे वर्ष चार पात्रता फेऱ्यांभोवती फिरत असते.

आर्थिक अंतर तर याहून बोलके आहे. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत पात्रतेच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्या खेळाडूला ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, तर मुख्य फेरीचा पहिला सामना हरणारीला १ लाख ३२ हजार. दोघींच्या पदरी पराभवच, पण रकमेत जवळजवळ चौपट फरक.

अंकिताने या पात्रता फेऱ्यांमध्ये अनेकदा नशीब आजमावले. ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेची २०२१ ची पात्रता फेरी महासाथीमुळे दुबईत झाली. तेथे ती शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचली आणि हरली. कोणी माघार घेतल्यास जागा मिळावी म्हणून ती मेलबर्नला गेली आणि विलगीकरणात राहिली. एकेरीत जागा मिळाली नाही. दुहेरीत मात्र रुमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कूसह ती मुख्य फेरीत खेळली व पहिल्याच सामन्यात पराभूत झाली. त्यानंतर काही दिवसांतच त्याच मेलबर्नमध्ये रशियाच्या कामिला राखिमोवासह तिने फिलिप आयलंड करंडक स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद पटकावले आणि दुहेरीच्या पहिल्या शंभरांत स्थान मिळविले. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती सानिया मिर्झाच्या जोडीने खेळली. युक्रेनच्या किचेनोक भगिनींविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यांना हार पत्करावी लागली. एकेरीतील ग्रँड स्लॅमची मुख्य फेरी मात्र तिच्या हाती लागली नाही.

मिळकतीचे गणित

ग्रँड स्लॅमखालोखाल महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धा आणि त्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा, अशी या खेळाची उतरंड आहे. सर्वांत खालच्या स्तरावर एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते. अशा स्पर्धेत एकेरीच्या विजेतीच्या हाती वर्षानुवर्षे अडीच हजार डॉलरहूनही कमी पडत आले आणि पहिल्या सामन्यात हरणारीच्या हाती सुमारे दीडशे डॉलर. तुर्कस्तानातील अंताल्या, इजिप्तमधील शर्म अल् शेख, ट्युनिशियातील मोनास्तिर येथे अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे चालू असतात. विमानभाडे, निवास, जेवण, रॅकेटचे गटिंग, व्हिसा हा सारा खर्च खेळाडूचाच. प्रशिक्षकाला सोबत नेणे बहुतेकींना परवडत नाही.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या हंगामाचा आढावा घेतला. त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या सुमारे १४ हजार स्त्री-पुरुष खेळाडूंपैकी सुमारे ६ हजारांना बक्षिसाची एकही रक्कम मिळाली नव्हती. प्रशिक्षकाचा खर्च वगळूनही महिला खेळाडूचा सरासरी वार्षिक खर्च ४० हजार डॉलरच्या घरात होता. जमाखर्चाची तोंडमिळवणी महिलांमध्ये २५३ व्या, तर पुरुषांमध्ये ३३६ व्या स्थानी होत होती.

महिलांच्या बाबतीत ही रेषा अधिक वर आहे, हे लक्षणीय आहे. अमेरिकन खुल्या स्पर्धेने १९७३ मध्ये स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले. विम्बल्डन व फ्रेंच स्पर्धांनी विजेत्यापासून पहिल्या फेरीपर्यंत ते २००७ मध्ये दिले. शिखरावर समता आली. खालच्या पायऱ्यांवर मात्र ती त्याच वेगाने उतरली नाही.

या दारिद्र्याचा परिणाम खेळाच्या सचोटीवरही होतो. टेनिसमधील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या ॲडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये नमूद केले की, जमाखर्च जुळण्याइतपत कमाई केवळ २५० ते ३५० खेळाडूच करतात. ज्या सामन्यावर सट्टा लागतो त्या सामन्यातील खेळाडूला परतीचे भाडेही सुटत नसेल, तर निश्चित सामन्यांचे आमिष तेथेच रुजते.

दर आठवड्याला नवी परीक्षा

क्रमवारीचे गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. गतवर्षी याच आठवड्यात मिळविलेले गुण यंदा पुन्हा मिळवावे लागतात. दुखापतीमुळे काही महिने घरी बसलेली खेळाडू पूर्वीच्या जागी परतत नाही. गुण गळत गेल्याने ती काही पायऱ्या खालून, कमी बक्षिसाच्या स्पर्धांतून पुन्हा सुरुवात करते. वयाच्या तिशीकडे झुकताना, स्थिर नोकरीतील समवयस्कांकडे पाहत, आणखी एक हंगाम खेळावे की थांबावे, हा निर्णय तिला दरवर्षी घ्यावा लागतो.

भारताने काय करावे ?

देशात स्पर्धा झाल्या की प्रवासाचा खर्च वाचतो आणि गुण घरच्या मैदानावर मिळतात. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेल्या १ लाख २५ हजार डॉलरच्या स्पर्धेची पहिली विजेती होती पुढे जागतिक अग्रस्थानी पोहोचलेली आरिना सबालेन्का. चेन्नईत २०२२ व २०२५ मध्ये महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धा झाल्या. मात्र मधल्या वर्षांतील खंड पाहता सातत्याची उणीव जाणवते. केंद्र सरकारची २०१४ ची ‘टॉप्स’ योजना ऑलिंपिक पदकाच्या शक्यतेवर आधारलेली आहे. तिचे उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु दोनशेव्या स्थानावरील खेळाडू पदकाच्या निकषात सहसा बसत नाही आणि बाजाराच्याही नाही. या दोहोंमधील जागा राज्य सरकारे, सार्वजनिक उपक्रम आणि खेळाडूंना नोकरी देणाऱ्या संस्था भरून काढू शकतात.

या गुंतवणुकीचे फळ कोठे दिसते ? २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. एकेरीच्या क्रमवारीत ती पहिल्या शंभरांच्या जवळपासही नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटातून भारतीय संघ पुढील फेरीस पात्र ठरला. यापूर्वी हे यश २०२० मध्ये मिळाले होते. २०२५ च्या संघात श्रीवल्ली भामिडिपाती आणि सहजा यमलापल्ली या तरुण खेळाडूंसह बार्शीची प्रार्थना ठोंबरे आणि ३२ वर्षांची अंकिता रैनाही होती.

पाच वर्षांच्या अंतराने मिळालेल्या या दोन्ही यशांच्या मध्ये अंकिताचे कितीतरी हंगाम लहान गावांतील कोर्टांवर, मोजक्या प्रेक्षकांसमोर गेले. त्या हंगामांची नोंद पदकतालिकेत होत नाही. पण त्या पायऱ्यांवर कोणी उभेच राहिले नाही, तर पुढच्या सानियाला वर चढण्यासाठी शिडीच उरणार नाही.