टनामागे किती?

साखर कारखाना चांगला चाललाय, हे आपण उसाच्या भावावरून ठरवतो. पण कुकडीकाठच्या आपल्याला आणखी एक हिशेब हवा: साखर करताना पाणी किती लागलं आणि घाण किती बाहेर पडली?

सिलिंडर किती दिवस पुरला हे सांगताना घरात माणसं किती, हेही सांगावं लागतं. इथंही तसंच. दिवसाला 10 लाख लिटर सांडपाणी, एवढ्यानं काही कळत नाही. त्या दिवशी 5000 टन ऊस गाळला असेल, तर टनामागे 200 लिटर झालं. 2016 च्या केंद्राच्या नियमानं घातलेली मर्यादा हीच. उसात सुमारे 70 टक्के पाणीच असतं. ते पुन्हा वापरलं, की नदीवरचा भार हलका होतो.

शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या 1000 कंपन्यांना सेबीच्या नियमानं 2022-23 पासून असा अहवाल द्यावाच लागतो. पाणी, वीज, कचरा, अपघात, बायकांचा पगार, सगळं त्यात येतं. सहकारी कारखाने त्या यादीत नाहीत. पण तिथं मालक आपणच, सभासद.

विघ्नहर असो की भीमाशंकर, शेअर तुमच्या नावावर असेल तर वार्षिक सभेला जा. नसेल तर घरातल्या सभासदाकडं प्रश्न लिहून द्या. टनामागे सांडपाणी किती? गेल्या वर्षी किती होतं? मोजलं कुणी? कामावर अपघात किती झाले? उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. म्हणजे पुढच्या वर्षी आकडा ताडून बघता येईल.